आधी काळा, मग क्रोम: बाइकच्या स्केल मॉडेलवर क्रोम आणि काळा रंग कसा करायचा (नवीन लोकांसाठी)

किटच्या डब्यात जे चकाचक क्रोमचे पार्ट येतात ना, त्यांचा क्रोम सगळ्यात आधी काढून टाका. नवीन माणसाच्या जिवावर येतं हे, कारण डबा उघडला की नजर आधी तिथेच जाते आणि वाटतं की चला, एवढं तरी काम कंपनीने करून दिलंय. पण तो क्रोम म्हणजे प्लास्टिकवर लॅकरचा एक जाडसर थर आणि त्याच्यावर व्हॅक्यूममध्ये चढवलेला ॲल्युमिनियमचा पापुद्रा. हँडल असो, मडगार्ड असो, इंजिनचं कव्हर असो, सगळ्यावर तीच एक चमक, आणि मॉडेल खेळण्यासारखं दिसतं ते मुख्यतः त्याच्यामुळे.

शिवाय सायलेन्सर किटमध्ये दोन अर्ध्या भागात येतो. ते भाग चिकटवायचे तर प्लास्टिक सिमेंट लागतं, आणि सिमेंट प्लास्टिक विरघळवूनच जोड धरतं, मध्ये क्रोम असेल तर ते प्लास्टिकपर्यंत पोचतच नाही. क्रोम खरवडून कसंबसं चिकटवलं तरी मधोमध जोडाची रेघ राहते, ती घासायला घेतली की क्रोम गेलाच. मग आधीच काढलेला काय वाईट.

सगळं एकाच गाडीवर सांगतो म्हणजे गोंधळ होणार नाही. कावासाकी ९०० सुपर फोर, म्हणजेच झेड१, १९७३ सालचं मॉडेल. होंडाने १९६९ मध्ये सीबी७५० बाजारात आणली तेव्हा कावासाकीचं स्वतःचं ७५० चं काम चालू होतं, ते त्यांनी थांबवलं आणि थेट ९०३ सीसीचं डबल ओव्हरहेड कॅमचं इंजिन काढलं. आपल्याला महत्त्वाचं म्हणजे पहिल्या झेड१ चं इंजिन काळ्या रंगाचं होतं, फिनच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या पातळ पात्यांच्या) कडा उघड्या ॲल्युमिनियमच्या, बाजूची कव्हरं पॉलिश केलेली, आणि चार सायलेन्सर, दोन्ही मडगार्ड, हँडल, हेडलाइटची रिंग सगळं क्रोम. म्हणजे क्रोम आणि काळा दोन्ही शिकायला याच्यापेक्षा चांगली गाडी मिळणार नाही. आओशिमा या जपानी कंपनीचं १/१२ स्केलचं (खऱ्या गाडीच्या बाराव्या भागाएवढं) किट येतं हिचं. तुमच्याकडे दुसरी कुठली जुनी बाइक असेल, तामियाची १/६ वाली मोठी होंडा असेल, तरी पद्धत हीच.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात फिट करून घ्या, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. क्रोमचा रंग चमकत नाही, चमकतो तो खालचा काळा. खऱ्या गाडीवर पण तसंच असतं बरं का, तिथे वरचा क्रोमचा थर एक मायक्रॉनपेक्षा पातळ असतो, चकाकी येते ती त्याच्या खालच्या गुळगुळीत निकेलची. मॉडेलवर निकेलची जागा ग्लॉस काळा घेतो. काळ्यावर धूळ असेल, खरखर असेल, ओरखडा असेल, तर वर जगातला सगळ्यात महागडा क्रोम मारा, ती खरखर दुप्पट होऊन दिसणार.

पार्ट वेगळे करा, धातूप्रमाणे

रंगाची बाटली उघडायच्या आधी अर्धा तास खऱ्या गाडीचे फोटो बघा. किटचं मार्गदर्शक पत्रक बहुतेक वेळा नुसतं "क्रोम सिल्व्हर" म्हणून मोकळं होतं, त्याच्यावर जाऊ नका. फोटोत बघायचं की कुठला धातू कसला आहे. सायलेन्सर, मडगार्ड, हँडल, आरसे, इंडिकेटर हे खरं क्रोम, थोडीशी निळसर झाक, प्रतिबिंब एकदम कडक. इंजिनची बाजूची कव्हरं आणि पुढच्या फोर्कच्या खालच्या नळ्या हे पॉलिश केलेलं ॲल्युमिनियम, चमकतं पण पांढरट, प्रतिबिंब पुसट. क्रँककेसचा, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीचा, ओतीव भाग खरखरीत आणि मंद. ब्रेकची डिस्क स्टीलची, राखाडी. या चार गोष्टी चार वेगवेगळ्या दिसल्या की अर्धं काम झालं. सगळंच क्रोम केलं तर क्रोम कुठे आहे ते कळतच नाही, हे मी कितीही वेळा सांगितलं तरी लोक सगळीकडे क्रोम फासतात.

फोटो नको असतील तर गल्लीत एखादी जुनी बुलेट उभी असेलच, तिच्याजवळ जाऊन बघा. सायलेन्सरवर वरच्या बाजूला आकाश दिसतं, म्हणजे जवळपास पांढरं, मग एकदम गडद पट्टा, आणि खाली रस्त्याचा रंग. क्रोमला स्वतःचा रंग नाहीच, आजूबाजूचा आहे. आणि त्याच गाडीच्या क्रँककेसच्या कव्हरवर तो गडद पट्टा विरघळलेला, मऊ दिसतो. हा फरक एकदा डोळ्यात बसला की कुठे थांबायचं ते हाताला आपोआप कळतं.

क्रोम काढायचा

घरगुती ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटवालं, प्लास्टिकच्या डब्यात ओता आणि पार्ट त्यात बुडवा. काही किटचा क्रोम काही मिनिटात जातो, काहींचा रात्रभर घेतो. हातात रबरी मोजे, खिडकी उघडी. आणि हे नीट वाचा: बाथरूम साफ करायचं ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर ब्लीचच्या आसपास पण आणू नका, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो आणि तो जीवघेणा आहे. डबा वेगळा, ब्रश वेगळा, आणि ओतून देताना बेसिनमध्ये आधी कोणी ॲसिड टाकलेलं नाही ना ते बघून भरपूर पाणी सोडा.

चमक गेली तरी पार्टवर पिवळसर किंवा पारदर्शक असा लॅकरचा थर राहतो. तो बारीक डिटेल बुजवतो, विशेषतः इंडिकेटरच्या कडा आणि सायलेन्सरच्या टोकाच्या रिंगा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काही तास ठेवून जुन्या टूथब्रशने घासलं की बऱ्याचदा सुटतो, नाही सुटला तर सपाट जागी घासून काढा आणि डिटेलच्या जागी सोडून द्या. एनसी थिनर (लॅकरचा कडक थिनर) मात्र लावू नका, तो थर पण काढेल आणि पार्ट पण वितळवेल.

घासाई

हा भाग कंटाळवाणा आहे, आणि हाच खरा आहे. सायलेन्सर जोडून सिमेंट पूर्ण वाळू द्या, निदान एक दिवस, नाहीतर आज घासलेला जोड आठवड्याने आत बसतो आणि क्रोमखाली बारीक खाच दिसते. मग रंगाच्या दुकानात मिळणारा वॉटर पेपर घ्या, ४०० ने जोड उतरवा, ८००, १०००, १५००, शेवटी २०००, आणि प्रत्येक वेळी पाण्यात बुडवून. गाड्यांच्या पेंटचं दुकान असेल तर २००० आरामात मिळतो. नंबर उड्या मारत जाऊ नका, ४०० चे ओरखडे २००० ने जात नाहीत, ते फक्त लपतात आणि क्रोम मारल्यावर बाहेर येतात. मडगार्डच्या मधोमध साच्याची एक पुसट रेघ असते, हाताला लागत नाही पण नखाला लागते, ती पण काढायची.

हँडलसारख्या गोल नळीवर कागद पट्टीसारखा कापून बुटाला पॉलिश करतो तसा मागे पुढे ओढा, म्हणजे नळी गोल राहते. बोटाने घासली की एका बाजूला चपटी होते आणि चपटी नळी क्रोम झाली की लगेच ओळखू येते.

घासून झालं की भांड्याच्या साबणाने धुवा, वाळवा, आणि यापुढे उघड्या हाताने धरायचं नाही. प्रत्येक पार्ट टूथपिक किंवा क्लिप लावलेल्या काडीवर बसवा, अशा जागी की जी जोडणीनंतर दिसणार नाही.

काळा, जो क्रोमखाली जाणार आहे

प्रायमर, म्हणजे वरचा रंग धरून ठेवणारा पहिला थर, अगदी पातळ. मिस्टर सरफेसर १५०० काळ्या रंगात येतो तो बेस्ट, कारण वर काळाच जाणार आहे. वाळला की २००० ने हलकंच हात फिरवा, धुळीचे कण जातील.

मग ग्लॉस काळा. कॅन वापरणार असाल तर तामियाचा टीएस-१४, एअरब्रश (कंप्रेसरच्या हवेने रंग फवारायचं पेन) असेल तर एलपी-१, मिस्टर कलरच्या लेव्हलिंग थिनरमध्ये पातळ केलेला. हे सगळे तामियाच्या रंगांचे नंबर: टीएस म्हणजे लॅकरचे कॅन, एलपी म्हणजे लॅकरच्या बाटल्या, आणि पुढे येणारे एक्स आणि एक्सएफ म्हणजे ॲक्रिलिक. पहिले दोन कोट नुसते धुक्यासारखे, मध्ये दहा पंधरा मिनिटं थांबून, आणि शेवटचा कोट ओला, म्हणजे रंग पसरून स्वतःच सपाट होईल इतका ओला, पण ओघळणार नाही इतकाच. नवीन माणूस हमखास घाबरून शेवटचा कोट कोरडा मारतो आणि मग वर संत्र्याच्या सालीसारखं पोत येतं. त्यापेक्षा एखादा ओघळ आलेला परवडला, तो घासून काढता येतो. पण जाडी लक्षात ठेवा: १/१२ वर ०.१ मिलिमीटर रंगाचा थर म्हणजे खऱ्या गाडीवर सव्वा मिलिमीटर जवळपास, बोल्टची डोकी गायब होतात.

एक महत्त्वाचा मुद्दा हवामानाचा. मुंबईत किंवा कोकणात जून ते सप्टेंबर लॅकर मारला की तो दुधाळ होतो, कारण थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं बाष्प रंगात अडकतं. एसी लावलेल्या बंद खोलीत आर्द्रता बरीच कमी होते, पण वाफा कुठे जाणार हा प्रश्न उरतो, म्हणून एक्झॉस्ट फॅनवाला बूथ असेल तरच ते करा, नाहीतर पाऊस उघडलेला कोरडा दिवस बघा आणि थिनरमध्ये थोडा रिटार्डर, म्हणजे रंग हळू वाळवणारं द्रव, टाका. कंप्रेसरला मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारी बाटली) नसेल तर पावसाळ्यात एअरब्रश हातात घेऊच नका, मध्येच पाण्याचा थेंब थुंकतो. याच्या उलट मे महिन्यात पुणे, नागपूरकडे रंग पार्टवर पोचायच्या आधी हवेतच वाळतो आणि खरखर येते, तेव्हा सकाळी सात साडेसातला काम उरकायचं.

बाकी सुरक्षेचं थोडक्यात: कापडी मास्क चालत नाही, ऑर्गॅनिक व्हेपरचे कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर घ्या. स्वयंपाकघरात मारायचं नाही, आणि ज्या खोलीत देवापुढे दिवा चालू आहे तिथे तर अजिबात नाही. कॅन कोमट पाण्यात ठेवला की फवारा बारीक येतो, पण कोमट म्हणजे कोमट, उकळतं पाणी नाही, कॅन फुटतो.

काळा मारून झाला की पार्ट एखाद्या झाकणाच्या डब्यात ठेवा, धूळ बसणार नाही, आणि विसरून जा. हाताला कोरडा लागतो तो दोन तासात, खरा वाळतो दोन तीन दिवसात. नाकाजवळ धरून वास घ्या, थिनरचा वास येतोय म्हणजे अजून वाळतोय. वास गेला की निरखून बघा, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्यात कडक सरळ रेघेसारखं दिसलं पाहिजे. लहरी दिसली तर ३००० च्या वर जाणारे पॉलिशिंग कापड आणि मग फाइन कंपाउंड, नंतर कंपाउंडचा मेणकट थर साबणाने धुवून. ट्यूबलाइट सरळ दिसेपर्यंत क्रोमची बाटली उघडायचीच नाही.

आता क्रोम

आपल्याकडे मिळू शकणारे तीन रस्ते.

पहिला ॲलक्लॅड टू चा क्रोम. हा एअरब्रशनेच मारायचा, पातळ करायचा नाही, बाटलीतून सरळ. प्रेशर १२ ते १५ पीएसआय, नोझल ०.२ किंवा ०.३, अंतर दोन तीन इंच. पहिला फेरा मारला की काही झालंच नाही असं वाटतं, काळ्यावर जरासा धूर आल्यासारखं. थांबा, पुन्हा एक फेरा. तिसऱ्या चौथ्या फेऱ्याला अचानक तो काळा आरसा होतो, आणि त्याच क्षणी हात उचलायचा. इथेच सगळे चुकतात, अजून थोडं मारलं तर अजून चमकेल असं वाटतं, पण होतं उलटं, काळा पूर्ण झाकला गेला की उरतं ते साधं चंदेरी. क्रोममध्ये खोली दिसते ती अर्धवट दिसणाऱ्या काळ्यामुळेच.

दुसरा रस्ता मोलोटोचा लिक्विड क्रोम. तो पेनच्या रूपात येतो, १, २ आणि ४ मिलिमीटरच्या टोकाचा, आणि त्याची रिफिलची शाई पण मिळते जी एअरब्रशमध्ये घालता येते. चमक याचीच सगळ्यात जास्त, यात वाद नाही. आरसे, इंडिकेटरच्या रिंगा, छोटे नट याच्यासाठी पेन म्हणजे सोन्यासारखी वस्तू, एअरब्रश नसलेल्या माणसाने हाच घ्यावा. रेघ एकदाच ओढायची, ओल्यावर पुन्हा फिरवायचा नाही, शाई स्वतः पसरते. अडचण एकच, पण मोठी: वाळला असं वाटतं पण आत कित्येक दिवस कच्चा असतो, बोट लागलं की तिथे चमक मेली. आठवडाभर तरी हात लावू नका, दोन आठवडे थांबलात तर उत्तम. आणि वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक रंग, मारायचा मोह टाळा, जवळपास कुठलाही क्लिअर मारला तरी आरसा उतरून साधा सिल्व्हर होतो.

तिसरा म्हणजे बेअर मेटल फॉइल, चिकट पाठ असलेलं अति पातळ धातूचं पान. सपाट आणि एकाच दिशेने वळणाऱ्या जागेला भारी, मडगार्डवर चढवताना मात्र सुरकुत्या पडतात. झेड१ वर मी फॉइल फक्त सीटच्या बाजूच्या चकाकत्या पट्टीला वापरेन, बाकी कुठे नाही.

या तिघांत निवड कशी? एअरब्रश असेल तर सायलेन्सर आणि मडगार्डला ॲलक्लॅड, छोट्या गोष्टींना मोलोटोचा पेन. परदेशातून मागवताना एक लक्षात ठेवा, स्प्रे कॅन ज्वलनशील म्हणून विमानाने साध्या पार्सलमध्ये येत नाहीत, त्यामुळे इथल्या हॉबी दुकानात जे कॅन दिसतील ते घेऊन ठेवा, बाटल्यांचं नंतर बघता येतं.

आणि काहीही नवीन असेल तर आधी प्लास्टिकच्या चमच्यावर. प्रायमर, काळा, क्रोम, वर वॉश (खाचांत सावली आणणारा पातळ रंग), सगळा क्रम चमच्यावर करून बघायचा. चमच्याला आतली आणि बाहेरची दोन्ही वळणं असतात, त्यामुळे सायलेन्सर आणि हेडलाइटची रिंग दोन्हीचा अंदाज येतो.

पॉलिश ॲल्युमिनियमच्या पार्टना हे काही नको. तिथे काळ्यावर एलपी-११ सिल्व्हर पुरतो, आणि फोर्कच्या खालच्या नळ्यांना वर अगदी हलका सेमीग्लॉस क्लिअर. क्रँककेसच्या ओतीव भागाला सिल्व्हरमध्ये थोडा राखाडी टाकून मंद करा. हे मुद्दाम मंद ठेवायचं, म्हणजे शेजारचा सायलेन्सर उठून दिसतो.

सायलेन्सरला जीव आणायचा

नुसता आरसा केला तर अजून काहीतरी कमी वाटतं. तामियाचा एक्स-१९ स्मोक खूप पातळ करून सायलेन्सरच्या खालच्या बाजूला एअरब्रशने एक हलका फेरा मारा, रस्त्याची सावली पडल्यासारखी. ॲलक्लॅडवर हे चालतं, पण मोलोटोवर अल्कोहोलवाला रंग ब्रशने लावला तर शाई उठते, तिथे पाण्यावर आधारित वॉशच वापरा.

इंजिनमधून बाहेर येणाऱ्या पाइपच्या वळणावर उष्णतेने रंग बदलतो तो दाखवायचा असेल तर क्रम उलटा करू नका, हे मी चांगल्या चांगल्या मॉडेलवर उलटं झालेलं बघितलंय. जिथे सगळ्यात तापतं, म्हणजे इंजिनला लागून, तिथे निळा, मग जांभळा, आणि लांब जाताना सोनेरी पिवळा विरत जातो. एक्स-२३ क्लिअर ब्लू, त्यात थोडा एक्स-२७ क्लिअर रेड टाकून जांभळा, आणि एक्स-२४ क्लिअर यलोमध्ये थेंबभर एक्स-२६ ऑरेंज. सगळं इतकं पातळ की एका फेऱ्यात दिसणारच नाही. लांबी १/१२ वर दोन तीन मिलिमीटर, बास. शोरूममधली नवी गाडी करत असाल तर हे करूच नका, इंद्रधनुष्य झालेले पाइप लगेच डोळ्यात खुपतात.

काळे किती प्रकारचे

आता दुसरं अर्धं काम. गाडीवर काळा रंग एक नसतो, झेड१ वर मोजायला गेलात तर फ्रेम, इंजिन, सीट, टायर, ग्रिप, केबल, बॅटरीजवळची रबरं असे सगळे वेगळे काळे. एकाच बाटलीतून सगळं रंगवलं तर मॉडेल लांबून एक काळा गोळा दिसतो.

शुद्ध काळा शक्यतो कुठेच नको. लहान स्केलवर शुद्ध काळा डोळ्याला भोक पडल्यासारखा वाटतो, सावल्या दिसत नाहीत. फ्रेमला सेमीग्लॉस, टीएस-२९ किंवा एलपी-५, हा ठीक आहे कारण चमक स्वतःच त्याला उजळ करते. टायर रंगवायचेच असतील तर एक्सएफ-८५ रबर ब्लॅक. सीटला एक्सएफ-६९ नाटो ब्लॅक, वर मॅट आणि सेमीग्लॉसच्या मधला क्लिअर, आणि बसायच्या जागी बोटाने जरा घासून किंचित तुकतुकीत, कारण जिथे माणूस बसतो तिथे रेक्झिन गुळगुळीत होतं. हँडलची ग्रिप एकदम मॅट.

टायर किटमध्ये मऊ व्हिनाइलचे येतात. त्यांच्यावर इनॅमल मारू नका, महिनोन्महिने चिकट राहतो. रंगवायचेच नाहीत खरं तर, रस्त्याला टेकणारा भाग ४०० च्या कागदावर फिरवून चमक काढा, साच्याची मधली रेघ पण जाईल, बाजूचा भाग तसाच सोडा. खऱ्या चालवलेल्या टायरचा हाच फरक असतो.

पण सगळ्यात मजा येते इंजिनला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. झेड१ चं इंजिन काळं, फिनच्या कडा ॲल्युमिनियमच्या. काळ्यावर ब्रशने चंदेरी कडा काढायला गेलात तर हात हलणार, रंग फिनच्या मध्ये जाणार, आणि दोन दिवस डोकं फिरणार. त्याच्याऐवजी उलटं करा. आधी सगळं इंजिन लॅकरच्या एलपी-११ सिल्व्हरमध्ये रंगवा, पूर्ण दोन दिवस वाळू द्या. मग वरून तामियाच्या ॲक्रिलिक एक्स-१८ सेमीग्लॉस काळ्याचा एकच पातळ कोट. ॲक्रिलिक साधारण अर्ध्या पाऊण तासात हाताला कोरडा झाला की कॉटन बडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, कागदावर टिपून जवळपास कोरडा करा, आणि बड आडवा धरून फिनच्या नुसत्या कडांवरून फिरवा. अल्कोहोल ॲक्रिलिक काढतो, खालच्या लॅकरला हात लावत नाही, त्यामुळे कडेवरचा काळा जातो आणि खालून बारीक, सरळ, खरी दिसणारी चंदेरी कड निघते, फिनच्या मधला काळा जसाच्या तसा. बड काळा झाला की लगेच बदला, नाहीतर काढलेला रंग पुढच्या फिनवर माखतो. बड फार ओला असेल तर अल्कोहोल फिनच्या आत ओघळतो, तेवढंच सांभाळायचं. लॅकर खाली आणि ॲक्रिलिक वर, हा क्रम उलटा केला तर काहीच होणार नाही.

१९७४ ची झेड१ए करत असाल तर इंजिन काळं करायची गरज नाही, तिथून इंजिन बिनरंगाचं ॲल्युमिनियम झालं. किटच्या डब्यावर कुठलं वर्ष आहे ते बघून मगच हे सगळं सुरू करा.

काळ्या फ्रेमवर कोपऱ्यांना किंचित गडद राखाडीने ड्रायब्रश केला, म्हणजे जवळपास कोरडा ब्रश नुसता फिरवला, तर आकार उठतो, पण ब्रश इतका कोरडा हवा की कागदावर घासल्यावर काही उमटू नये. चंदेरी रंगाने फ्रेमचे कोपरे घासणं हा रणगाड्यांची मॉडेलं करणाऱ्यांचा नाद आहे, नव्या बाइकच्या फ्रेमचा रंग असा उडत नाही.

जोडताना

क्रोम झालेल्या पार्टला सुपरग्लू लावू नका. तो वाळताना वाफ सोडतो आणि जवळच्या क्रोमवर पांढरं धुकं धरतं, ते पुसलं जात नाही. जिथे वजन नाही, म्हणजे आरसे, इंडिकेटर, हेडलाइटची रिंग, तिथे साधा पांढरा फेव्हिकॉल बारीक टूथपिकने लावा, पारदर्शक वाळतो आणि जास्त झाला तर ओल्या बडने पुसता येतो. सायलेन्सरला आणि मडगार्डला दोन भागांचा इपॉक्सी, आणि जोडाच्या जागेवरचा काळा आणि क्रोम आधी चाकूच्या टोकाने खरवडून प्लास्टिक उघडं करून, नाहीतर गोंद रंगाला धरेल आणि रंग प्लास्टिकला सोडेल.

जोडणी करताना पावडर नसलेले नायट्राइलचे मोजे घाला. क्रोमवर बोटाचा ठसा उमटला तर घासू नका, मऊ मेकअप ब्रशने हलकंच झटका आणि सोडून द्या. क्रोमचे पार्ट सगळ्यात शेवटी बसवायचे हा क्रम ठेवा: आधी फ्रेम आणि इंजिन, मग चाकं, मग सीट टाकी, आणि शेवटी मडगार्ड, सायलेन्सर, हँडल. किटचं पत्रक बऱ्याचदा मागचं मडगार्ड फार आधी लावायला सांगतं, ते नुसतं लावून बघा की नंतर सरकवून बसतं का, बहुतेक वेळा बसतं. आरसे तर मॉडेल शेल्फवर ठेवायच्या दिवशीच लावा, त्या काड्या सगळ्यात आधी तुटतात.